चुना लावलेला वडा

कंपनी सरकारने तंजावरचं राज्य खालसा केलं, पण आमच्या आतोबांचा हट्ट खालसा करणं कुणा लाटसाहेबाला जमलं नसतं. पापनाशमहून कुंभकोणमला येणारी गाडी आणि आतोबांचं घड्याळ यांत फरक पडला, की ते घड्याळाला हात न लावता स्टेशनमास्तरला समजावायला जात. लग्नकार्यात पाकाची कढई त्यांच्याच ताब्यात. दोन बोटांत पाक धरून तारा पाहायच्या आणि आचाऱ्याची अक्कल काढायची, हे त्यांचं मानाचं काम.

स्टेशनजवळ एका साहेबाच्या जुन्या बटलरने बेकरी काढली होती. तिच्या काचेत आत्याने डोनट पाहिले आणि म्हणाली, "उळुंदवड्यास चुना लाविलाय कीं काय! दिसतें मात्र गोड." उळुंदवडा म्हणजे आमच्याकडचा मधे भोक असलेला उडीदवडा. पुढे ती अंथरुणाला खिळली. अन्न जाईना. वैद्य म्हणाले, मागेल ते द्या. ती लाजत म्हणाली, "तो चुन्याचा वडा." पण बेकरीच्या वड्यात अंडं! तेव्हा आतोबांनी स्वतःच सोवळं नेसून कढई चढवली.

मैदा-दह्याचे वडे पहिल्याच दिवशी जमले. नडला तो वरचा चकचकीत थर. एकतारी पाक ओघळून गेला, दोनतारीची खरखरीत साखर झाली. सगळ्या गल्लीने ते वडे खाल्ले. आत्या मात्र नुसती बघायची, "असें नव्हें तें" म्हणायची आणि कुशीवर वळायची. दिवसेंदिवस ती खंगत होती. आम्ही म्हटलं, जाऊ द्या आता. "पाक चुकतो, मी नाहीं," म्हणत आतोबांनी पुन्हा साखर घातली.

शेवटी बेकरीच्या पायरीखाली उभं राहून त्यांनी बटलरला विचारलंच, "किती तारी?" बटलर हसला. "पाकच नाही, स्वामी. चुलीवर ठेवायचंच नाही. पिठीसाखरेत जरासं कोमट दूध घालून घोटायचं."

"चूल न पाहिलेला तो पाक कसला?" असं रस्ताभर पुटपुटत आतोबा घरी आले आणि खडीसाखर दळायला बसले. वस्त्रगाळ केली, थेंब थेंब दूध घालून घोटली, वडा बुडवून काढला. थर गुळगुळीत बसला. आत्याने दोन घास खाल्ले.

"हेंच," ती म्हणाली. "हरलां कीं तुम्हीं बटलरापुढें?"

"हरलों," आतोबा म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही प्रथमच ऐकला.

पंधरवड्यात आत्या गेली. वर्षश्राद्धाच्या वड्यांवर आतोबांनी तोच थर दिला. भटजी म्हणाले, "हें शास्त्रांत नाहीं, राव." आता जुंपणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. आतोबांनी वडा पानावर ठेवला आणि हात जोडले. ते भांडले असते तर मला फार बरं वाटलं असतं.