पाचला संपणारी ड्युटी

नवरदेवाला हेलिकॉप्टरनं साकोलीला आणायचं आणि दुपारी नवरा-नवरीला घेऊन नागपूरला परतायचं, एवढंच काम होतं. कागदावर एवढंच. त्याआधी पहाटे पाचला हजर होऊन मी एका कारखानदाराला चंद्रपूरला सोडून आले होते, आणि तो सलग तिसरा पहाटेचा दिवस होता.

आमच्याकडे पायलटच्या ड्युटीचे तास हजेरीपासून मोजतात, हेलिकॉप्टरचा पंखा फिरो की न फिरो. मंडपात बसून जिलेबी खाल्ली तरी तास चालूच. त्या दिवशी माझे तास संध्याकाळी पाचला संपणार होते. म्हणून शाळेच्या मैदानात उतरल्याबरोबर मी नवरदेवाच्या वडिलांना सांगितलं, "चारला निघायचंच."

"चार काय मॅडम, तीनलाच निघू!" ते म्हणाले.

साकोलीत माझी बहीण राहते. लेकीचं 'इमान', म्हणजे हे हेलिकॉप्टर, बघायला बाबा आंधळगावहून आदल्याच दिवशी तिच्याकडे आले होते. तलावात मासे धरण्यात त्यांचा जन्म गेला, पण त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते मैदानाभोवती बांधलेल्या दोरीजवळ उभे होते आणि ओळख नसलेल्यांनाही "माही पोरगी आहे" म्हणून सांगत होते.

वरात नाचत राहिली. मुहूर्त टळला. चारला पंगती बसत होत्या. पावणेपाचला मी आपली तयारी असावी म्हणून सीटवर बसले आणि चेकलिस्ट उघडली. एकच ओळ तीनदा वाचली. इंधन पाहिलं होतं की नव्हतं, तेही आठवेना. मी गुपचूप खाली उतरले.

सव्वापाचला नवरी आली. मी म्हटलं, "आता उद्या सकाळी."

"अहो, उजेड आहे अजून! चाळीस मिनिटांचा तर रस्ता," नवरदेवाच्या वडिलांचा आवाज चढला. त्यांनी थेट आमच्या ऑफिसला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून मॅनेजर हळूच म्हणाला, "ॲडजस्ट कर ना. वेळ थोडी मागेपुढे लिहू."

मागून कुणीतरी बोललं, "बाई घाबरली वाटते."

ते लागलं. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांसमोर! उडून दाखवावं असं एक क्षण वाटलंही. तेवढ्यात बाबा दोरीखालून आत आले.

"काय झालं वं? तुले झोप येऊन राहिली का?"

"हो, बाबा."

"मंग नाही म्हन ना. लाजून काहून राहिली? डोळे जड असले तं मी डोंगा नाही सोडत पान्यात. तू तं वरून जातं!"

मी फोनवर सांगितलं, "नाही जमणार." मग तेच वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

नवरदेवाचे वडील काही बोलणार, तोच नवरी म्हणाली, "मामंजी, गाडीनंच जाऊ ना. मले तं एसटीतही उलटी होते." आधी नवरदेव हसला, मग करवल्या, शेवटी मामंजीही. बॅंडवाल्यांना आणखी एक फेरी मिळाली आणि वऱ्हाड गाड्यांनी नागपूरला गेलं.

मी बहिणीकडे गेले आणि तिनं पाणी आणेपर्यंत युनिफॉर्मवरच झोपले. बाबा मात्र मैदानातच थांबले. पहाऱ्यावरच्या हवालदाराला त्यांनी माझे दहावीपासूनचे सगळे मार्क सांगितल्याचं नंतर कळलं.

सकाळी रिकामंच परतायचं होतं. बाबा म्हणाले, "जागा तं हाये. मले नाही नेत?"

"नाही नेता येत, बाबा. नियम आहे."

"बरं जा," म्हणाले, पण हेलिकॉप्टर दिसेनासं होईस्तोवर हात हलवत होते.

मॅनेजर आठवडाभर फुगून होता. नंतर त्यानं मला पुन्हा कधी "ॲडजस्ट कर" म्हटलं नाही. इतरांना म्हणतो का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दोन महिन्यांनी एका नव्या पायलटचे लाल डोळे पाहिले तेव्हा कुठे त्याला विचारलं. त्यानं आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, "मलाही म्हणतात. मॅडम, मला वाटायचं मी एकटाच दमतो."