रिसेप्टर सर आणि काकूंची मेस

आमचे जीवशास्त्राचे सर वर्गाच्या दारात दोन्ही हात पुढे करून उभे राहत आणि आत येणाऱ्याला अडवत. "एक हात धरून न्हाई भागत, माय. दोन्ही धर, मग आत ये." एचआयव्ही शिकवायची ही त्यांची तऱ्हा. एक हात सीडी-फोर, दुसरा सीसीआर-फाईव्ह. रोगाशी लढणाऱ्या पेशीच्या अंगावरचे हे दोन रिसेप्टर धरून विषाणू आत घुसतो. लातूरच्या त्या क्लासमध्ये त्यांना सगळे रिसेप्टर सरच म्हणत. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र शेजारच्या क्लासचा तास बंद पाडणारा.

विषाणूवर ते फारसे चिडत नसत. चिडत ते पेशीला दोष देणाऱ्यावर. एका मुलाने विचारलं, "सर, पेशी त्याला हात देतेच कशाला?" सर उसळले. "तिनं हात आपल्या कामासाठी ठेवलेत, बाबा. हा घुसणारा त्याचा फायदा घेऊन राहिला. तिचा काय गुन्हा?"

त्याच वर्षी आमच्या मेसच्या काकूंना एचआयव्ही असल्याची कुजबुज सुरू झाली. कुणीतरी त्यांना सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या खिडकीवर गोळ्या घेताना पाहिलं होतं. काकूंनी लपवाछपवी केली नाही. "हाव, हाय मला," एवढंच म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या. आठवडाभरात मेस ओस पडली. मेस बंद झाली तर ही बाई जगणार कशी, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

नेमकी तेव्हाच क्लासची चाचणी परीक्षा झाली. रिसेप्टरच्या प्रश्नाला अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी मार्क. सरांनी पेपर टेबलावर आपटले. "पेपरात लई हुशार! भाकरीतून येऊन विषाणू पेशीचा हात धरतो का रे? मग ताटाला कशाला भिऊन राहिलात? उठा. आजचा तास मेसमध्ये."

सरांनी पहिली भाकरी मोडली, ठेचा लावून खाल्ली. मग आम्ही बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. पालकांचे फोन गेले आणि ऐन जेवणात क्लासचे मालक मेसच्या दारात येऊन उभे राहिले. "सर, उद्यापासून येऊ नका. आणि पोरांनो, इथं जेवणाऱ्याला माझ्या क्लासात जागा न्हाई."

सरांनी हात धुतले. देवणीला गावी परत जाण्यावाचून त्यांना पर्याय नव्हता. मला रडू येत होतं आणि त्या माणसाचा विलक्षण अभिमानही वाटत होता. "मी चाललो," ते म्हणाले, "पण ताटावरून कुणी उठायचं न्हाई."

मालक दारातच होते. कुणी उठलं नाही.

"काकू, भाकरी वाढा," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले.