एकशे बेचाळीस अंश

दस्तगीर मुल्लाणी वाईट माणूस नव्हता, असं त्याच्याबरोबर काम केलेला कुणीही सांगेल. चार वर्षं तो कोल्हापुरातल्या एका रसायनशास्त्र विभागात, खिडकीजवळच्या टेबलाशी, सकाळी नऊपासून उभा असे. त्या चार वर्षांत त्यानं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. मग १९८० च्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी, ललिता सनदीच्या फ्लास्कमध्ये स्फटिक आले.

त्यांचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं. माणसाच्या मेंदूत वेदना शमवणारं एक द्रव्य आपोआप तयार होतं. पाच मण्यांची माळच म्हणा ना. अशा माळेला पेप्टाइड म्हणतात. पण शरीरातच तिला तोडणाऱ्या कात्र्याही असतात, त्यामुळे औषध म्हणून ती बाहेरून दिली तर मिनिटभरही टिकत नाही. विभागातल्या सरांनी ठरवलं, की हुबेहूब तशीच दिसणारी, पण पहिल्या दोन मण्यांमधला दुवा बदललेली नकली माळ बनवायची. शरीरानं फसून तिला आपली म्हणावं, कात्रीला मात्र ती तुटू नये.

या एकाच रेणूकडे जायच्या दोन वाटा सरांनी काढल्या होत्या. लांबची वाट दस्तगीरला दिली, आणि दोन वर्षांनी आलेल्या ललिताला जवळची. दस्तगीरची वाट अकरा पायऱ्यांची होती. शेवटच्या पायरीवर त्याच्या हाती काय आलं, तर चिकट, पिवळसर काकवी. ती काही केल्या गोठेना. स्फटिक मिळाल्याशिवाय बंगलोरच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी रेणूचा आकार तपासता येत नव्हता, आणि आकार कळल्याशिवाय शोधनिबंध नव्हता. ज्याचे स्फटिक बंगलोरला जातील त्याचं नाव निबंधावर पहिलं, हे सरांनी दोघांसमोर सांगितलं होतं.

दस्तगीरचा स्वच्छतेवर फार भर. त्याचा प्रत्येक फ्लास्क क्रोमिक अ‍ॅसिडमध्ये बुडायचा, पाच पाण्यांतून निघायचा, भट्टीत वाळायचा.

"मुल्लाणी सायेब, तुमची काच म्हंजे नव्या नवरीचा आरसा हाय बगा," प्रयोगशाळेतला जुना शिपाई धोंडीराम म्हणायचा. "माशी बसली तर घसरून पडंल की."

ललिता हुपरीची. घरात पैंजणाच्या कड्या जोडायचं काम, त्यामुळे चिमट्यानं बारीक वस्तू उचलायची सवय लहानपणापासूनची. तिचा फ्लास्क जुना, आतून चरे पडलेला. ती काचेच्या कांडीनं तो आणखी खरवडायची. स्फटिकाला बसायला खरबरीत जागा लागते, गुळगुळीत काचेवर तो बसत नाही, हे पुस्तकात दस्तगीरनंही वाचलं होतं. पण घाणेरड्या भांड्यात काम करायचं त्याच्या जिवावर यायचं.

त्या सोमवारी ललितानं फ्लास्क उजेडात धरला. तळाशी पांढऱ्या, बारीक सुया.

"आले की हो!" ती ओरडली. धोंडीराम धावला, सर धावले. दस्तगीरही गेला. "अभिनंदन, ललिताबाई," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला परक्यासारखा वाटला. चार वर्षं! मी अकरा पायऱ्या चढलो, ही सहा चढून वर जाऊन बसली. दुपारचा डबा त्यानं उघडला आणि तसाच बंद केला. मीठ असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नाहीतर आधीच्या पायरीचा उरलेला माल. आलेत ते खरे स्फटिक नसतीलच.

सर म्हणाले, "दस्तगीर, तुझा हात पक्का आहे. हिच्या मालाचं मेल्टिंग तू घे."

शुद्ध पदार्थ एका ठरावीक अंशाला चटकन वितळतो. भेसळ असली तर आधीच भिजू लागतो आणि रेंगाळत वितळतो. दस्तगीरनं केसासारख्या बारीक नळीत कण भरले, नळी थर्मामीटरला बांधून तेलात सोडली, आणि मनातल्या मनात तिला रेंगाळायची विनवणी केली. एकशे बेचाळीस अंशाला सगळा माल एकदम पाणी झाला. याहून शुद्ध काही नसतं.

त्यानं वही पुढे ओढली. मग त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: एकशे अठ्ठावीस ते एकशे एकोणचाळीस.

सरांचा चेहरा उतरला. "अशुद्ध आहे, ललिता. पुन्हा शुद्ध कर." दस्तगीर त्या दिवशी पोटभर जेवला.

गुरुवारी सकाळी ती त्याच्या टेबलाशी आली. हातात लहानशी नळी आणि चिमटा.

"दस्तगीरभाई, तुमच्या काकवीत ह्यातला एक कण टाकून बघायचा?"

"तुमचा माल अशुद्ध निघालाय, ललिताबाई."

"असू दे की. कणाला बघून कण बसतो म्हणतात. न्हाय बसला तर तुमचं काय जातंय?"

हाव वाईट. त्यानं फ्लास्कचं बूच काढलं. तिनं चिमट्यानं एक कण अलगद आत सोडला. दुपारी चारपर्यंत चार वर्षांची काकवी गच्च गोठून पांढरी झाली होती.

शुक्रवारी त्यानं मेल्टिंग घेतलं. एकशे बेचाळीस. सरांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "शाब्बास! तुझाच माल बंगलोरला जाणार. पण आधी एक करू. तुझा, तिचा सोमवारचाच आणि दोन्ही मिसळलेला, अशा तीन नळ्या एकदम लावू. मिश्रण लवकर वितळलं, तर तिच्यात भेसळ आहे हे पक्कं झालं. ललिता, ह्या वेळी तू घे."

तिन्ही नळ्या तेलात गेल्या. खाली बर्नर निळा जळत होता. ललिता आकडे मोठ्यानं वाचू लागली. सर वाकून बघत होते. एकशे वीस. एकशे अठ्ठावीस. तिच्या नळीतला माल जागचा हलला नाही. एकशे तीस.

"थांबवा," दस्तगीर म्हणाला. "बघायची गरज नाही. तिन्ही एकशे बेचाळीसलाच जाणार."

"तुला कसं माहीत?" सरांनी विचारलं.

"ह्यांचा माल सोमवारीही बेचाळीसलाच वितळला होता. मी वहीत खोटं लिहिलं."

मोरीशी धोंडीरामनं नळ बंद केला. ललितानं मान वळवली नाही. "एकशे एकतीस," ती म्हणाली, आणि शेवटपर्यंत वाचत राहिली. बेचाळीसला तिन्ही नळ्या एकदम स्वच्छ झाल्या.

सरांनी चष्मा काढला. "का केलंस?"

"जळलो, सर. दुसरं काही नाही."

संध्याकाळी व्हरांड्यात त्यानं तिला गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. सोमवारीच मी परत घेतलं हुतं."

"मग सरांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? चार वर्षांचे दस्तगीरभाई खोटे आणि कालची आलेली ललिता खरी? कुणी ऐकलं असतं?" तिनं पिशवी खांद्याला लावली. "म्हटलं, ह्यांच्याच फ्लास्कला बोलू दे. त्याला कोण न्हाय म्हणंल?"

ती हुपरीच्या गाडीसाठी निघून गेली. त्याला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण त्याहून जास्त काही टोचत असेल तर ते हे, की अशी युक्ती आपल्याला सात जन्मांत सुचली नसती.

बंगलोरला ललिताचे स्फटिक गेले. पुढच्या वर्षी निबंध छापून आला. सरांनी दस्तगीरचं नाव काढून टाकलं नाही, दुसरं ठेवलं. तोवर ललिताला बंगलोरलाच बोलावणं आलं होतं, आणि दस्तगीर मलकापूरजवळच्या एका कॉलेजात शिकवू लागला होता. टपालानं आलेली प्रत त्याच्या बायकोनं, शमशादनं, आधी उघडली.

"हे पहिलं नाव कुणाचं?" तिनं विचारलं. "तुमच्या आधी आलेली हुती काय ही?"

"नाही. माझ्यानंतर."

"मग हिनं असं काय जास्त केलं?"

दस्तगीर उत्तर द्यायला लागला आणि अडखळला. सोपी कारणं जिभेवर तयार होती. जवळची वाट, चांगलं नशीब, सरांची मर्जी.

"ती माझ्यापेक्षा..." तो म्हणाला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "ती माझ्यापेक्षा चांगली केमिस्ट आहे."