वाटीतले पाच शेंगदाणे

मी मुळातच तापट. राग सदा नाकावर. आत्या म्हणायची, "तुला लई लवकर चढतो गं!" ही आत्या म्हणजे माझी सासूही. मी पाळण्यात असतानाच तिनं माझ्या वडिलांकडं मला मागून ठेवलं होतं. आमच्या लासूरकडं आत्याच्या घरी पोरगी दिली म्हणजे ती घरातच राहिली असं समजतात. मला सासर कधी परकं वाटलंच नाही.

लेक झाली तेव्हा आम्ही उस्मानपुऱ्यात भाड्यानं राहत होतो. तीन वर्षांची झाली तरी ती मोजकंच बोलायची आणि घरभर नुसती धावायची. मोठ्या दवाखान्यात नेलं. आत्या सोबत होती. बाहेर रांगेत एक बाई दुसरीला सांगत होती, "घरातल्या घरात सोयरिकी करतात, मग असली लेकरं होतात." आत्यानं पदर तोंडाला लावला. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तेच विचारलं, "नात्यातलं लग्न आहे का?" आत्या खाली मान घालून बसलेली. मी ठणकावून सांगितलं, "नाय."

वाटलं, काय बिघडतंय! बाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, काही मुलं उशिरा बोलतात, रोज थोडं थोडं शिकवत जा.

मग मी हात धुऊन मागं लागले. रोज संध्याकाळी उंबऱ्याशी बसायचं, पितळी वाटीत पाच शेंगदाणे. एक मोजला की एक खायचा. काही महिन्यांत पोरगी पाचपर्यंत मोजायला लागली. पाच म्हटलं की टाळी वाजवायची अन् खळखळून हसायची. मी गल्लीभर सांगत सुटले. आत्यानं मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली.

शाळेत घालायचं वर्ष आलं आणि पाच गेला. मग चार गेला. शेंगदाणा हातात धरून ती माझ्याकडं नुसती बघत राहायची. मला वाटलं, माजली. येतंय अन् मुद्दाम करत नाय. "काल येत होतं ना? मग आज काय झालं गं?" म्हणून दिली एक गालावर. एकदाच नाही. कितीदा दिली ते आठवायला गेलं की आजही घास उतरत नाही. आत्या मध्ये पडायची, तर मी तिच्यावरही ओरडायची.

एकसुद्धा गेला तेव्हा पुन्हा त्याच बाईंकडं गेलो. त्यांनी जुना कागद काढला, पुन्हा विचारलं, "नक्की नात्यातलं नाही?" मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली, "ही माझ्या सख्ख्या भावाची पोरगी हाय, बाई. मीच सून करून आणली." आणि ढसाढसा रडायला लागली.

रक्त तपासायला मुंबईला गेलं. आजाराचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. फार क्वचित होतो म्हणे. आईबाप दोघांच्याही रक्तातून एकच दोष आला की होतो. बाई म्हणाल्या, ही मुलं आधी शिकतात, मग शिकलेलं एकेक सुटत जातं. इलाज नव्हता.

"तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर?"

"तपासणी तेव्हाच केली असती," त्या म्हणाल्या. "आजार थांबला नसता. पण ती मुद्दाम करत नाही, हे तुम्हाला कळलं असतं."

तिथंच, त्या खुर्चीत, मी मेले.

पुढं तिचं बोलणं गेलं, चालणं गेलं. मला ओळखते की नाही तेही कळेना. मी तिला पुन्हा कधी मोजायला लावलं नाही. एके दुपारी चटणीसाठी शेंगदाणे भाजले, त्याच पितळी वाटीत काढले आणि तिच्या अंथरुणाशी सोलत बसले. तिनं वाटीकडं पाहिलं. मग कापरा हात हळूहळू उचलला आणि आपल्या गालावर आडवा धरला.

मी शिकवलेलं तेवढंच तिच्या लक्षात राहिलं होतं.