यंदा दार कोरं

आमच्या घरातले चिनी सण मी करते. नवरा चिनी, मी पुण्याची, राहायला लुडविग्सहाफेनला, आणि नवीन वर्षाच्या आधी घर झाडून, घरातलं नशीब झाडलं जाऊ नये म्हणून झाडू दडवून ठेवणारी बाई मी. नवरा केमिस्ट आहे. त्याचं एकच पालुपद, "इथे जर्मनीत कोण बघतंय?"

हे वेड माझ्या डोक्यात घातलं सासूबाईंनी. मुलगी झाली तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिला बघून त्या म्हणाल्या, "पोर गोड आहे, पण आमची काही होणार नाही." नवऱ्याने भाषांतर करताना मला भलतंच काहीतरी गोड सांगितलं, पण तेवढं चिनी मला तेव्हाही कळत होतं. असा संताप आला म्हणून सांगू! म्हटलं, थांबा, दाखवतेच.

लागले कामाला. लग्नाआधी माशाच्या वासाने नाक मुरडणारी मी, चिनी वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी डोक्याशेपटीसकट अख्खा मासा वाफवायला लागले. तो संपवायचा नसतो, दुसऱ्या दिवसासाठी थोडा ठेवायचा असतो. आणि एरवी ताटात काही टाकायचं नाही म्हणून मुलीच्या मागे लागणारी मीच! नोव्हेंबरात किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, मुलं कागदी कंदील करतात. ते मी जपून ठेवते आणि चिनी कंदिलांच्या सणाला लाल कागद चिकटवून पुन्हा बाहेर काढते. सगळ्यात जड जातो तो नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसाचा नियम. त्या दिवशी मुलांना ओरडायचं नाही! मुलीला हे पक्कं ठाऊक आहे. दूध सांडते, माझ्याकडे बघते आणि जर्मनमध्ये म्हणते, "आई, आज नाही हं!" मी दातओठ खात फडकं आणते.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर सासरे गेले. नवरा घाईघाईने एकटाच जाऊन आला. नवीन वर्षाला सासूबाईंनी आमच्याकडे यायचं ठरलं, पहिल्यांदाच. नवरा मॅनहाइमच्या चिनी दुकानातून दारावर लावायचे लाल कागद घेऊन आला. दरवर्षी त्यांवर सोनेरी रंगाने नक्षी काढायचं काम मुलीचं. ती ब्रश घेऊन बसलीसुद्धा.

मी म्हटलं, "अरे, बाबा गेलेत ना! आमच्यात वर्षभर सण करत नाहीत. तुमच्यात दाराला लाल चालतं का?"

त्यालाच ठाऊक नव्हतं. शेवटी किटामधल्या एका चिनी आईला विचारलं, तर ती म्हणाली, छे छे, पहिल्या वर्षी लाल मुळीच नाही. झालं, पुडकं कपाटात गेलं. मुलीने भोकाड पसरलं. तिला जवळ घेऊन सांगितलं, आपले येये, म्हणजे आजोबा, गेले ना, त्यांच्यासाठी यंदा दार कोरं ठेवायचं. ती "नाइन!", म्हणजे जर्मनमध्ये नाही, म्हणत पाय आपटत आत गेली.

आणि मग मीच दारासमोर जाऊन उभी राहिले. कोरं दार बघून सासूबाईंना काय वाटेल? दुखवटा पाळलाय असं, की या घरात काही करतच नाहीत असं? इतकी वर्षं केलेलं सगळं त्या एका दारापाशी फुकट जाणार, असं वाटायला लागलं.

त्या जिना चढून आल्या आणि दारासमोर थांबल्या. चौकटीवरून हात फिरवला. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. माझं चिनी ऐन वेळी पार आटलं. नवरा मागे बॅगा ओढत येत होता.

आमची मुलगी मराठीत विचारा, चिनीत विचारा, उत्तर जर्मनमध्येच देते. ती आजीपुढे आली आणि हात मागे बांधून चक्क चिनीत म्हणाली, "नायनाय, यंदा लाल नाही. येये गेले ना. पुढच्या वर्षी मी करीन."

सूर जरा वेडेवाकडे होते, पण शब्द न् शब्द बरोबर. सासूबाई बूट काढायच्या बाकावर मटकन बसल्या, नातीला ओढून कुशीत घेतलं आणि रडायलाच लागल्या. मग डोळे पुसून विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं गं? बाबांनी?"

"बाबा तर लाल कागद घेऊन आले होते," पोरीने चुगली केली. "आईने सांगितलं."

नवरा बुटाच्या नाड्यांत फार वेळ गुंतून राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मासा धूत होते. बाहेरच्या खोलीत त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. फोनवर त्यांचा आवाज नेहमीच चढलेला असतो. "दार कोरं ठेवलंय गं यांनी. आमच्या पोरीला सगळं ठाऊक आहे!"

आमच्या! अशी छाती फुगली माझी, की हात ओले तसेच ठेवून मी नवऱ्याकडे धावले.

"ऐकलंस?"

"काय?" त्याने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं.

भाषा त्याची, आई त्याची, पण या वेळी भाषांतर मी करून सांगितलं, एक शब्दही न बदलता.