खंडेनवमीची टेप

बोलण्याआधी तो थाप मारायचा. टेबलावर, सर्व्हरच्या डब्यावर, नाहीतर समोरच्याच्या पाठीत. उघड्या पंजाची, अख्ख्या हाताचं वजन टाकून. थाप बसली की मग वाक्य यायचं, "लांडगा सांगून येत न्हाई, भाऊसाहेब."

भाऊसाहेब म्हणजे मी. दौंडला मालधक्क्यासमोर एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात मी क्लार्क होतो. अजूनही तिथंच आहे. कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांना आम्ही माणसं पुरवतो. तेव्हा कागदावरची हजेरी नुकतीच बंद झाली होती. कंपनीच्या गेटवर कामगारानं कार्ड लावलं की त्याचा दिवस आमच्या सर्व्हरमध्ये येऊन पडायचा. संध्याकाळी निघताना मी सर्व्हरच्या पोटातल्या मशीनमध्ये एक टेप सारायची. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी वस्तू. सर्व्हरमधलं सगळं तिच्यावर उतरायचं. सोमवारची वेगळी, मंगळवारची वेगळी. सर्व्हर मेला तरी हजेरी जिवंत राहावी, एवढाच त्यातला अर्थ.

हे सगळं बसवलं त्यानं. तो शिरूरहून मोटरसायकलवर यायचा. आडवा बांधा, कानावर केस, शर्टाच्या खिशात कायम कापसाच्या काड्या. मशीनमधलं टेप वाचणारं हेड साफ करायच्या. घराणं मेंढरंवाल्यांचं. वडिलांनी पुढं न्हावऱ्याकडं जमीन कसायला घेतली, पण त्याचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. रानात मुक्काम पडला की मेंढरांभोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. एकदा राखणीला बसलेला असताना त्याचा डोळा लागला आणि लांडगा वाघरीत शिरला.

"खाल्लं एकच," तो सांगायचा. "पर फाडली किती. बापानं मला त्याच रगतात उभा केला आन् काठी मोडूस्तवर मारला. तवापासून मी एका वाघरीत समदी मेंढरं ठेवत न्हाई."

म्हणून दर शनिवारी एक टेप एस.टी.च्या कंडक्टरबरोबर त्याच्या शिरूरच्या घरी जायची, आधीची परत यायची. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याची माया आणि मार एकाच हातातून यायची. मशीन अडलं की आधी थाप, मग शिवी, मग स्क्रू ड्रायव्हर. एकदा पुण्याहून टेप विकणाऱ्या कंपनीचा टायवाला आला. "आमची टेप कधीच फेल जात नाही सर," म्हणाला. यानं ती टेप भिंतीवर अशी आपटली की आतली पट्टी पंख्याला जाऊन गुंडाळली. "गेली का न्हाई फेल?" पोरगा टाय सावरत स्टेशनकडं पळाला. आम्ही दिवसभर हसत होतो.

त्याची एक पद्धत होती. महिन्यातून एकदा येऊन तो माझ्यादेखत सर्व्हरवरची एखादी फाईल पुसायचा. खरीखुरी. खुर्ची मागं सारून म्हणायचा, "लांडग्यानं नेली. आना परत."

मग मी टेप काढायची, लावायची, मशीन घरघर करेपर्यंत घाम पुसायचा. फाईल आली तर चहा. नाही आली तर पाठीत. पाठीत म्हणजे काय, श्वास आत अडकायचा. "टेपवर उतरली म्हंजी झालं न्हवं," तो म्हणायचा. "वर आली तर झालं."

आणि याच हातानं तो आप्पांना खुर्ची द्यायचा. आप्पा कुरकुंभच्या एका कंपनीत आमच्यातर्फे कामाला होते. ॲसिडनं बोटांची कातडी गेलेली. कायम करा म्हणून कामगारांनी पुण्याच्या लेबर कोर्टात केस घातली होती, आप्पा त्यात पुढं. वर्षानुवर्षं सलग कामावर आहोत, हे सिद्ध झालं तरच केस टिकणार, आणि ते सिद्ध करायला आमच्या सर्व्हरमधल्या हजेरीशिवाय दुसरं काही नव्हतं. आप्पांना कॉम्प्युटरचा भरवसा वाटायचा नाही. अधूनमधून येऊन ते दारात उभे राहायचे. तो त्यांना आत घ्यायचा, पडद्यावर त्यांचं नाव दाखवायचा, मग एक टेप त्यांच्या तळहातावर ठेवायचा.

"तुमी हितं हाय, आप्पा. मी हाय तवर कुठं जात न्हाई."

आप्पा टेप कपाळाला लावून परत द्यायचे.

आता माझं सांगतो. इतकी वर्षं तोंड शिवून बसलो होतो.

पावसाळ्यात एकदा मी आठवडाभर टेप बदललीच नाही. संध्याकाळची गाडी चुकते म्हणून. शुक्रवारचीच टेप रोज आत. तो आला, फाईल पुसली, म्हणाला आना. त्यानं मागितली म्हणून मी मंगळवारची टेप लावली, तीत त्या आठवड्याची ती फाईल नव्हती. त्याला सगळं कळलं. या वेळी थाप पाठीत बसली नाही, तोंडावर बसली. माझा दात टेबलावर पडला. साहेब, म्हणजे आमचे कॉन्ट्रॅक्टर, केबिनच्या दारात उभे होते.

"आप्पाला काय सांगशील रं?" तो ओरडत होता. "झोपलो हुतो म्हनून सांगशील?"

मी साहेबांपुढं रडलो. चार माणसांत मारलं, मी काय जनावर आहे का? साहेब शांत माणूस. त्याचं महिन्याचं येणं त्यांनी बंद केलं. काही अडलं तर फोनवर विचारायचं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढं काही महिन्यांनी मशीनवर नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. हेड साफ करा, असा त्याचा अर्थ, हे मला माहीत होतं. साफ करायची वेगळी टेप असते, ती कपाटात नव्हती. संपली की त्यालाच मागायची. फोन करायला हवा होता. शनिवारी त्याचाच फोन यायचा.

"भाऊसाहेब, फाईल पुसून बघितली का?"

"बघितली."

"आली का वर?"

"आली. ओके हाय."

मी काही पुसत नव्हतो, काही आणत नव्हतो. दिवा दिसतोय म्हणालो असतो तर तो आला असता. तो आला असता तर त्यानं टेपा तपासल्या असत्या, आणि माझ्या तोंडात दात अजून बरेच होते.

मग खंडेनवमी आली. ऑफिसात दरवर्षी अवजारांची पूजा व्हायची. कॉम्प्युटरला हार, प्रिंटरला गंध, टेपा ताटात मांडून त्यांच्यावर फूल. तो असायचा तेव्हा शेजारी उभा राहून सांगायचा, "डब्याला लावा. आत बोट घालू नका, देवाचं बी न्हाई." त्या वर्षी तो नव्हता. आणि माझी तर गरज मोठी होती. वरवर गंध लावून दिवा विझेल असं मला वाटेना. टेपच्या खालची पट्टी सरकवली की पुढचं झाकण उघडतं, आतली काळी पट्टी दिसते. वाटलं, हाच तिचा जीव. मी बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि तिच्या जिवालाच लावलं. एकीला नाही. ताटातल्या सगळ्यांना.

दोन दिवस दिवा लागला नाही. मी स्टेशनजवळच्या मारुतीला नारळ फोडला. नंतर दिवा जो लागला, तो विझेचना. एव्हाना कुंकू हेडवर बसलं होतं आणि शिरूरहून फिरून येणारी शनिवारची टेपही त्याच्याखालून जात होती. मी काय केलं? दिव्यावर देवाचं छोटं स्टिकर चिकटवलं.

कोर्टानं हजेरी मागितली, त्याच आठवड्यात सर्व्हरची डिस्क मेली. मालगाडी गेल्यावर इमारत हादरते तसा आवाज करून. साहेबांनी शिरूरला फोन लावला.

तो आला तेव्हा खाली रस्त्यावर कामगार जमायला लागले होते. बातमी कुरकुंभला पोचली होती. कॉन्ट्रॅक्टरनं मुद्दाम हजेरी उडवली, असंच ते धरून चालले होते. त्यांचं काय चुकलं? उडाली तर फायदा साहेबांचाच होता.

त्यानं नवी डिस्क बसवली. सोमवारची टेप लावली. मशीन खरडल्यासारखं वाजलं आणि टेप बाहेर फेकली. मंगळवारची, तेच. बुधवारची. शिरूरच्या डब्यातून आणलेली त्यानं घोंगडीतून सोडली, शर्टाला पुसली, लावली. तीही बाहेर. त्याची नजर स्टिकरवर गेली. नखानं त्यानं ते सोललं. खाली नारिंगी दिवा जळत होता.

त्यानं मशीन बाहेर काढून उघडलं, कापसाची काडी स्पिरिटमध्ये भिजवून हेडवरून फिरवली. काडी लाल झाली. त्यानं ती वास घेऊन बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

मी पाठ वळवून उभा राहिलो. खरं सांगतो, तेव्हा मला मार हवा होता. थाप आली नाही.

"ह्या टेपा कोण हाताळत होतं?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "सगळं तेच बघायचे."

त्यानं काडी खिशात ठेवली. बाहेर दगड येऊन काचेवर बसला. तो उठला, माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दात मीच पाडला तुमचा. तवाच हे व्हायला लागलं व्हय?" त्यानं काचेकडं बघितलं. "आत बसा. तुमाला एक बसला तर तुमी उठायचे न्हाईत. मला सवय हाय. सांगायचं तवा सांगा."

तो बाहेर गेला. पायरीवर उभा राहून म्हणाला, "हजेरी गेली. टेपा माझ्या ताब्यात हुत्या."

पहिला रट्टा आप्पांनी घातला. मोटरसायकलची चेन होती. मग मला माणसं वेगळी दिसली नाहीत. "किती खाल्लं रं?" कुणीतरी विचारत होतं आणि उत्तराच्या आधी मारत होतं. त्याचंच हेल्मेट घेऊन त्याच्या डोक्यात घातलं. तो पडला, उठला. त्याचा उजवा हात उंबऱ्यावर धरून कुणी त्यावर दगड आपटला, दोनदा. तो कुणावरही हात उगारत नव्हता. मशीनवर, माणसांवर, टायवाल्यावर उगारलेला तो हात.

"शटर ओढ," साहेब म्हणाले.

मी ओढलं. तो बाहेर होता आणि मी ओढलं. कडी घातली. आतून नुसते आवाज. त्यातच एकदा शटरवर थाप पडली. उघड्या पंजाची, डाव्या हाताची असणार. ती मी ओळखली. थापेनंतर त्याचं वाक्य यायचं, म्हणून मी कान देऊन उभा राहिलो. वाक्य आलं नाही.

पोलिसांनी त्याला दवाखान्यात नेलं. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. उजव्या हाताची बोटं परत मिटली नाहीत, स्क्रू ड्रायव्हर सुटला तो कायमचा. केस कामगार हरले. आप्पा अजून कॉन्ट्रॅक्टवरच आहेत. माझा पगार वाढला. आणि कुरकुंभला कुणालाही विचारलं, हजेरी कुणी विकली, तर लोक शिरूरच्या त्या टेपवाल्याचं नाव घ्यायचे. थुंकून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. कळल्यावर मी शिरूरला गेलो. त्याच्या बायकोनं मला ओळखलं, बसायला दिलं. भिंतीवरच्या फळीवर डबा होता, घोंगडीचा तुकडाही. मी खाली बघत सगळं सांगितलं. कुंकू, स्टिकर, शटर. सांगून झाल्यावर तिच्याकडं पाठ करून बसलो.

ती हसली. वाईट हसली. "ते म्हनायचे, भाऊसाहेब येतील कवातरी. आले की च्या दे, आन् पाठीत एक घाल माझ्या वाटची."

"घाला, वहिनी."

"मी न्हाई घालायची. कुरकुंभच्या मानसांना सांगितलं का?"

"न्हाई."

"मग हितं कशाला आलात? मार तिकडं ऱ्हायलाय तुमचा."

चहा न घेताच उठलो. दुसऱ्या दिवशी कुरकुंभ फाट्यावर शिफ्ट सुटायच्या वेळेला उभा राहिलो. आप्पा आले, बरोबर जुनी माणसं होती. टपरीपाशी सगळ्यांसमोर बोललो. शिरूरला जे सांगितलं तेच. एकानं माझी कॉलर धरली, माझा चष्मा खाली पडला. आप्पांनी त्याला बाजूला केलं.

"हे तुमी केलं, त्याला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं. "आमी मारत हुतो तवा?"

"ठावं होतं, आप्पा."

मी डोळे मिटले. चेन, दगड, काहीही चाललं असतं. बराच वेळ काही आलं नाही, म्हणून उघडले. आप्पा टपरीच्या बाकावर बसले होते. चहावाल्यानं पुढं केलेला ग्लास त्यांनी डाव्या हातानं घेतला होता. चेन फिरवलेला उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.