फोटोच्या पितरांचं पान

सर्वपित्री अमावास्येला फोटोवाले काका गच्चीवर दोन पानं ठेवायचे. एक घरच्या पितरांचं, दुसरं फोटोच्या. "ज्यांनी पहिल्यांदा ऊन कागदावर पकडलं, त्यांचं श्राद्ध कोण घालणार? मीच एक रिकामटेकडा सापडलोय त्यांना," असं म्हणत दुसऱ्या पानावर वडा जरा मोठाच वाढायचे.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. झाशीत ओरछा गेटजवळच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. काकू गेल्यावर माझा ऑफिसनंतरचा चहा त्यांच्याकडेच ठरलेला. माझं अर्धं हिंदी, अर्धं मराठी ऐकून ते कपाळाला हात लावायचे आणि बिस्किटं पुढे करायचे.

त्या जुन्या लोकांबद्दल ते घरच्यांबद्दल बोलावं तसं बोलायचे. "बिचाऱ्यांना चित्र उमटवता आलं, पण टिकवता आलं नाही गं. मिणमिणत्या दिव्यात बघायचे, तरी बघता बघता काळं व्हायचं. काय जीव तुटला असेल त्यांचा!" हे सांगताना त्यांचे डोळे खरंच भरून यायचे. मी चिडवायचे, "काका, ते तुमचे कोण लागतात?" "कोण म्हणजे? वडीलधारे!"

त्यांचं काम सगळं जुन्या पद्धतीचं. कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्यावर चांदीचं द्रावण फिरवायचं, वाळला की पिंपळाचं पान ठेवून उन्हात. उघडा कागद काळा पडतो, पानाखालचा पांढरा राहतो. मग हायपो नावाच्या रसायनात धुतला की पक्का, पुन्हा काळा होत नाही. एरवी धुण्यात कुचराई केली तर काका खवळायचे. पण सर्वपित्रीला हायपोची बाटली फळीवरून खाली उतरत नसे. "आज एक दिवस त्यांच्यासारखं हरायचं," म्हणत ते संध्याकाळपर्यंत बसून चित्र काळवंडताना बघायचे. शेजारच्या चाची गच्चीवरून ओरडायच्या, "कक्काजू, इत्ती मेहनत करके मिटाते काए हो?"

सगळ्या गल्लीचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोटो मात्र नव्हता. मोबाईल समोर धरला की हात आडवा. दसऱ्यानंतर ते मुलाकडे पुण्याला कायमचे जायचे होते, तेव्हा सर्वपित्रीला मी हटूनच बसले. "तुम्ही गेल्यावर मी काय बघू, सांगा ना!"

काकांनी कागदावर आपला पंजा ठेवला. दहा मिनिटं, झाशीच्या त्या उन्हात. कपाळावरून घाम निथळत होता, हात हलला नाही. रेल्वेच्या कारखान्यात वाकडी झालेली करंगळीसुद्धा स्पष्ट उमटली. मी म्हटलं, "काका, प्लीज, हायपो!" "आज नाही. नियम म्हणजे नियम." मला रडूच फुटलं. ते कागद घेऊन आत गेले.

गाडी सुटताना त्यांनी काळ्या कागदाचं पाकीट हातात दिलं. "घरी जाऊन उघड हं." मी उघडलं नाही. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. बघितलं की तेवढे काका कमी होणार. पाकीट साड्यांखाली ठेवलं. कधीकधी वरूनच हात फिरवायचे.

फोनवर त्यांनी दोनदा विचारलं, मी विषय बदलला. तिसऱ्यांदा खोटंच बोलले, "हो काका, बघितला." ते खुशीत म्हणाले, "बरं झालं बाई. मनाला लागून राहिलं होतं." फाल्गुनात त्यांच्या मुलाचा फोन आला, काका गेले.

यंदा सर्वपित्रीला दोन पानं मी वाढली. मग राहवेना. काळा व्हायचा तर होऊ दे, एकदा पोटभर बघू तरी, म्हणून पाकीट भर उन्हात उघडलं. पांढरा पंजा, वाकडी करंगळी. मी पापणी न लवता बघत राहिले. कावळा वडा घेऊन गेला. ऊन डोक्यावर आलं. पंजा पांढराच.

कागद उलटा केला. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, "रात्रीच पक्का केला. पितर मला माफ करतील. तू हवं तेवढं बघ."

काका, मी एकदाही बघितला नव्हता हो.